बंद पुड्याचं दुकान

काकूंनी माझं भांडं टेबलावरून उचललं आणि कोट ठेवायच्या खोलीत नेऊन ठेवलं.

मी समोरच उभा होतो. हातात कागदी प्लेटांचा गठ्ठा होता. प्लेटाही मीच आणल्या होत्या. दर वेळी असलंच काहीतरी मी आणायचो. काकू परत आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "टेबलवर फार गर्दी झालीय रे. आणि तुझं तिखट असणार. इथल्या मुलांना सहन होत नाही."

झाकण त्यांनी उघडलंच नव्हतं.

ॲन आर्बरमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. दिवाळी होऊन गेली होती, पण हॉल त्या शनिवारी मिळाला होता. बाहेर बर्फ होता आणि आत मराठी. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे इंजिनिअर, विद्यापीठातले एकदोन प्राध्यापक, त्यांच्या बायका, त्यांची इंग्रजीत भांडणारी मुलं आणि आम्ही काही विद्यार्थी. टेबलावर गर्दी नव्हती. मसालेभात आणि श्रीखंड यांच्या मधे, जिथे माझं भांडं होतं, तिथे वाफेची एक गोल ओली खूण राहिली होती. काकूंनी नॅपकिन घेतला आणि ती खूण पुसली. पुसून झाल्यावर नॅपकिन दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला.

मी प्लेटा मांडत राहिलो.

हे का सोसलं ते सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या दुकानापासून.

ते आज्याने काढलं. आजा पलटणीत होता. लढाईत त्याला समुद्रापलीकडे नेलं होतं आणि तिथे तो कॅन्टीनवर होता. चहा, साखर, सिगारेटी मापून द्यायचा. घेणारे सगळ्या जातींचे. "गोळ्या सुटत होत्या तवर माझा हात कुणाला बाटवत नव्हता," असं तो म्हणायचा. लढाई संपली, आजा गावी आला आणि आल्या आल्या त्याने आजीला मीठ आणताना पाहिलं. गावातल्या दुकानासमोर आमच्या बायकांनी गटाराच्या पलीकडे थांबायचं. बाकी सगळ्यांचं घेऊन झालं की दुकानाचा गडी ओट्यावरून मीठ टाकायचा. पदरात पडेल ते पडेल. उरलेलं मातीत. आजी खाली बसून मातीतून मिठाचे खडे वेचत होती.

आज्याने तिला दंडाला धरून उठवलं. म्हणाला, "ऊठ. आता मीठ मी विकतो."

असं आमचं दुकान सुरू झालं. महारवाड्यात, घराच्या पुढच्या खणात. मीठ, मिरची, गूळ, गोडं तेल, रॉकेल, विड्या, आगपेट्या. आज्याचा एकच नियम होता. वस्तू हातात द्यायची. टाकायची नाही. घरात आम्ही पोरं एकमेकांकडे पेन्सिल जरी फेकली तरी तो ओरडायचा, "टाकू नको. दे."

गाव आधी हसलं, मग चिडलं, मग विसरलं. वरच्या आळीतलं कुणी आमच्याकडे फिरकायचं नाही. पुढे एकदा गावातल्या दुकानातलं रॉकेल संपलं. अंधार पडायच्या बेताला वरच्या आळीतला एक जण आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. बाटली जमिनीवर ठेवली, मागे सरकला. आज्याने बाटली भरली. माणूस गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. गावाने आपसात ठरवून टाकलं की रॉकेल चालतं. रॉकेल खायचं नसतं. मग आगपेटी चालायला लागली. मग सुया, दोरा, ब्लेड, कपड्याचा साबण. विडीवर थोडा वाद झाला असणार, कारण विडी ओठाला लागते. पण बंडलाला कारखान्याचा दोरा असतो, म्हणून विडीही चालली.

गूळ चालला नाही. मीठ चाललं नाही. तेल तर नाहीच.

आजा हसायचा. "ह्यांचा धरम निस्ता जिभेवर हाय," म्हणायचा. पण ते हसणं मला आठवतं. त्यात दात दिसायचे, डोळे हसायचे नाहीत.

आज्यानंतर दुकान माझ्या बापाकडे आलं. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सातवीपर्यंत शिकला. तालुक्याला बाजाराला गेला की मालाबरोबर पत्रकं आणायचा. चळवळीची पत्रकं. सभा, मोर्चा, शिष्यवृत्तीची मागणी, कुठल्या गावात विहीर बाटवली म्हणून कुणाला मारलं त्याचा निषेध. दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागायची, पण त्या पत्रकांत अण्णाने कधी जिरं बांधलं नाही. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकात 'आई पाणी दे' असायचं. पत्रकात 'आम्ही भीक मागत नाही' असायचं. मला दुसरं वाक्य लवकर पाठ झालं.

तोवर आम्ही धर्म बदलला होता. घरातले देव गेले होते, मेलेलं जनावर ओढणं बंद झालं होतं. अण्णाला वाटलं आता वस्तीच्या बाहेर पडावं. गावाच्या फाट्यावर, जिथे एस.टी. थांबते, तिथे त्याने पत्र्याची टपरी टाकली. स्टोव्ह मांडला. चहा सुरू केला. परगावचे लोक गाडीतून उतरायचे, चहा प्यायचे, चांगला झालाय म्हणायचे. कुणी विचारलं नाही, अण्णाने सांगितलं नाही. मग एक दिवस गावातला कुणीतरी कंडक्टरच्या कानाला लागला. कंडक्टरच्या हातात अर्धा ग्लास होता. त्याने उरलेला चहा चाकावर ओतला. ग्लास रस्त्यावर आपटून फोडला. बेल मारली. गाडी गेली.

अण्णाने काचा गोळा केल्या. संध्याकाळी स्टोव्ह घरी आणला.

त्यानंतर टपरीत अण्णाने फक्त बंद माल ठेवला. बिस्किटांचे पुडे, चहापावडरची पाकिटं, टूथपेस्ट, साबण, बॅटरीचे सेल. कारखान्यातून बांधून आलेलं. आणि गंमत म्हणजे दुकान चाललं. वरच्या आळीतले लोक फाट्यावर यायचे आणि चहापावडर न्यायचे. खायची वस्तू! आज्याच्या काळात कुणी घेतली नसती. अण्णा मला म्हणायचा, "बघ. दिवस बदलत्यात." आणि हसायचा. मला तो फार मोठा माणूस वाटायचा. आमच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदा गाव आमच्या हातून खायची वस्तू घेत होतं.

फक्त घेताना ते पुडा उलटा करून बघायचे. शिवण, डिंक, कोपरे. सगळं नीट बंद आहे ना. एकदा एका बाईने बिस्किटाचा पुडा परत आणला. कोपऱ्याला भोक होतं. म्हणाली, "हा तुमच्यातल्या कुणीतरी फोडलाय." अण्णा म्हणाला, "बाई, उंदीर असंल." बाईचा चेहरा लगेच निवळला. "उंदीर का? मग ठीक आहे," म्हणाली. आणि तोच पुडा घेऊन गेली.

मी तिथेच होतो. शाळेच्या वयाचा होतो. मला उंदराचा हेवा वाटला.

त्या बंद पुड्यांवर मी हॉस्टेलला राहिलो, इंजिनिअर झालो, शिष्यवृत्ती मिळवली, मिशिगनला आलो.

आणि इथे माझ्याशी कुणी शिवाशीव केली नाही. खरंच केली नाही. लॅबमध्ये माझा गोरा प्रोफेसर माझ्या डब्यातलं चमच्याने उचलून खायचा. बसमध्ये लोक शेजारी बसायचे. पण मी महिनोन्महिने मराठी ऐकलं नव्हतं. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना कळणार नाही. रस्त्यावर बर्फ पडलेला असतो, खिडकी घट्ट बंद असते, हीटर खरखर करतो आणि तुमच्या तोंडातली भाषा तोंडातच राहते. मी भांडी घासताना स्वतःशी बोलायचो. आईच्या आवाजात स्वतःला जेवायला हाक मारायचो. हसू नका.

म्हणून अभयने जेव्हा म्हटलं, "यार, चल ना, एका काकूंकडे मराठी लोक जमतात," तेव्हा मी इस्त्री केलेला शर्ट घातला.

अभय माझा रूममेट. पुण्याचा, केमिकलवाला. आम्ही दोघं एक अपार्टमेंट शेअर करायचो. एक दिवस त्याने स्वयंपाक करायचा, एक दिवस मी. त्याचा दिवस असला की आम्ही दोघं दुःखी असायचो. माझा दिवस असला की तो पातेलं चाटूनपुसून साफ करायचा. "तुझ्या आईच्या मसाल्याशी लग्न करतो मी," म्हणायचा. माझ्या आईने पाठवलेला काळा मसाला निम्मा त्यानेच संपवला.

त्या पहिल्या दिवशी काकूंनी दार उघडलं तर आतून फोडणीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चष्मा पुसायचं नाटक केलं. काकूंनी सगळ्यांना आग्रह करून वाढलं. मलाही वाढलं. मग कॉफी घेताना विचारलं, "तू मूळचा कुठला रे?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"घरी काय असतं? शेती?"

"नाही काकू. दुकान आहे."

"अय्या, दुकान! म्हणजे तुम्ही वाणी का?"

"नाही. आमचं दुकान महारवाड्यात आहे."

मी लपवलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या पोराला लपवता येत नाही. काकूंच्या हातातला चमचा कपात दोनदा जास्त फिरला. मग त्या म्हणाल्या, "हो का. छान. किती शिकलास बघ." आणि अभयकडे वळल्या, "काय रे अभय, तुझी आई काय म्हणतेय?" त्या आणि अभयची आई एका शाळेत होत्या.

पुढच्या पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, आधी काकूंचा फोन आला. "तू एक कर. पेपर प्लेट्स आण. आणि बर्फाची पिशवी. बॅचलर आहेस, कशाला करायचा त्रास?" मी म्हटलं, बरं. फोन अभयला दिला. तर पलीकडून काकू म्हणत होत्या, "तू ना, तुझी ती मुगाची खिचडी आण."

अभयची खिचडी खाली लागली. मीच पातेलं बदलून दिलं तरी वास गेला नाही. लोकांनी खाल्ली. एक काका म्हणाले, "वा, स्मोकी फ्लेवर आलाय." सगळे हसले. मीही हसलो.

गणपतीला सोड्याच्या बाटल्या. कोजागरीला नॅपकिन्स आणि प्लॅस्टिकचे चमचे. काकूंचा फोन नेहमी गोड असायचा. मी दुकानातून पिशव्या तशाच उचलायचो, न फोडता आणून द्यायचो. मला त्यात काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. मला मराठी हवी होती. पंगतीत बसून कुणाचीतरी कुचकी थट्टा, कुणाचं सासूबद्दलचं गाऱ्हाणं, 'अगं', 'अरे', 'इश्श' ऐकायचं होतं. त्यासाठी कागदी प्लेटा ही काही फार मोठी किंमत वाटत नव्हती.

दिवाळीला मात्र मला राहवलं नाही. मी न विचारता कालवण केलं. अख्ख्या मसुराचं, वाटण घालून, आईच्या मसाल्याचं. मांस-मच्छी काही नाही, म्हणजे तेही कारण नको. भांडं घासूनपुसून लखलखीत केलं. गाडीत ते मांडीवर घेऊन बसलो. अभय गाडी चालवत म्हणाला, "काय वास सुटलाय रे. आज माझ्यासाठी उरणार नाही."

आणि काकूंनी ते कोटांच्या खोलीत नेऊन ठेवलं. टेबल पुसलं.

त्या पुसण्याने मला जागं केलं. हाताची तीच घाई, बोटांची तीच चिमटी. फाट्यावर पुडा उलटा करून बघणारी बोटं मला दिसली. प्लेटा, बर्फ, सोडा, नॅपकिन, चमचे. सगळं बंद. सगळं कारखान्यातलं. मी अमेरिकेत येऊन बापाची टपरीच चालवत होतो. हजारो मैल विमानाने येऊन तेच गिऱ्हाईक, तोच माल.

मी कोटांच्या खोलीत गेलो. लोकरीच्या ओल्या कोटांचा वास येत होता. त्याखाली जमिनीवर, बुटांच्या रांगेशेजारी माझं भांडं होतं. काकूंची मुलगी रीना तिथे आपला कोट शोधत होती. हायस्कूलमध्ये होती. तिने झाकण उचललं होतं.

"दिस स्मेल्स सो गुड," ती मला म्हणाली. "व्हाय इज इट ऑन द फ्लोअर?"

मागून काकू आल्या. "रीना, डोन्ट टच. ते अंकलचं आहे."

"बट इट्स फूड, मॉम."

"आय सेड डोन्ट टच."

रीनाने झाकण ठेवलं. मुकाट्याने निघून गेली. काकू माझ्याकडे बघेनात. त्या कोटांकडे बघत म्हणाल्या, "जाताना आठवणीने घेऊन जा हं. भांडं विसरशील."

मी भांडं उचललं. कॅफेटेरियात आणलं. मसालेभात बाजूला सरकवला, श्रीखंड दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि मधे भांडं ठेवलं. झाकण काढलं. लोक प्लेटा घेऊन रांगेत उभे राहायला लागले होते. माझ्या प्लेटा.

मी मोठ्याने म्हटलं, "हे कालवण मी केलंय. माझ्या हातांनी. ज्यांना माझ्या हातचं नको असेल त्यांनी तसं म्हणावं. तिखट आहे, गर्दी आहे, असलं काही सांगू नये."

काकूंचे यजमान पुढे आले. भले गृहस्थ. मला एकदा गाडीची बॅटरी बसवून दिली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, काय हे? इथे कुठे जातपात आणतोस? आपण अमेरिकेत आहोत."

"काका," मी म्हणालो, "मी जात हा शब्द उच्चारलेलाच नाही."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला.

कुणीतरी खोकलं. एक बाई म्हणाल्या, "आज माझा पोटाचा जरा प्रॉब्लेमच आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "आमचं डाएट." रांग पुढे सरकली. प्रत्येक जण माझ्या भांड्याजवळ आला की नजर थोडी वर करायचा, जणू समोरच्या भिंतीवर काहीतरी महत्त्वाचं लिहिलं आहे. मसालेभात घ्यायचा, भांडं ओलांडायचा, श्रीखंड घ्यायचा. मी पळी हातात धरून उभा होतो. आज्याचा नियम मला ठाऊक होता. हातात द्यायचं. घेणारा हात कुठून आणायचा ते त्याने शिकवलं नव्हतं.

मग अभय आला.

मी पळी भरली. त्याच्याकडे बघितलं. त्याने प्लेट थोडी पुढे केली. मग काकूंकडे एकदा बघितलं. आणि प्लेट मागे घेतली. "नंतर घेतो रे," म्हणाला. हळू.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. ते माझे कोण होते? पण अभय माझ्या हातचं रोज खात होता. बोटं चाटत होता. तो मला एकांतात माणूस समजत होता आणि चारचौघांत समजायला घाबरत होता. मी पळी भांड्यात ठेवली. एक प्लेट घेतली. माझंच कालवण वाढून घेतलं आणि कॅफेटेरियाच्या मधोमध, सगळे बसले होते तिथे, एका रिकाम्या टेबलावर बसून सावकाश जेवलो. त्या टेबलावर दुसरं कुणी आलं नाही. तरी सगळं संपवलं.

येताना गाडी अभय चालवत होता. वायपर बर्फ ढकलत होते. तो म्हणाला, "यार, तू उगाच सीन केलास."

"तू का नाही घेतलंस?"

"मी घरी खातोच ना तुझ्या हातचं."

"तिथे का नाही?"

"तुला कळत नाहीये. काकू आईला ओळखतात. पत्र लिहितील."

"काय लिहितील?"

सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी काढली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

त्या महिनाअखेरीस मी वेगळी खोली घेतली. आम्ही भांडलो नाही. तो सामान उचलायला मदत करायला आला, मी नको म्हटलं. एवढंच.

त्या खोलीतून मी अण्णाला फोन केला. तालुक्याला आमच्यातल्याच एका वकिलांकडे फोन आहे. आधी पत्राने वार कळवायचा, मग अण्णा एस.टी.ने तिथे येऊन बसायचा. माझी शनिवारची संध्याकाळ, त्याची रविवारची सकाळ. लाइन खरखरत होती. आपलाच आवाज उलटून कानात यायचा.

"काय रं, आवाज येतोय का? बरा हाईस न्हवं?"

मी त्याला सगळं सांगितलं. प्लेटा, बर्फ, नॅपकिन, कोटांची खोली. बोलता बोलता माझा आवाज चढला. मी म्हणालो, "अण्णा, आपण फसलो. लोक आपल्याकडून चहापावडर घेतात म्हणजे दिवस बदलले असं तुम्हाला वाटतं. ते तुमच्याकडून घेत नाहीत. ते कंपनीकडून घेतात. तुम्ही फक्त मधे उभे असता."

लाइनवर नुसती खरखर. मला वाटलं फोन कटला. मला वाटलं मी म्हाताऱ्याच्या छातीत सुरी मारली.

मग अण्णा बोलला. ओरडून नाही. एवढ्या लांबून बोलताना ओरडावं लागतं, पण तो हळूच बोलला.

"मला काय ते आत्ता कळलं व्हय? पुडा उलटा करून बघत्यात, ते मी रोज बघतोय. तू पोरगा होतास. तुझ्या म्होरं रडायचं का? तुला शिकवायचा होता. म्हनून हासत होतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"माझं अडलं होतं," अण्णा म्हणाला. "तुझं काय अडलंय? तू कशापायी हासतोस तिथं?"

वकिलांच्या घरात कुणीतरी मागून काही म्हणालं. अण्णा म्हणाला, "ठिवतो आता." आणि ठेवला.

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसलो. मला वाटत होतं की जागा होणारा आमच्या घरातला मी पहिला. माझा बाप रोज जागा होता. त्याने काचा वेचल्या, स्टोव्ह घरी आणला, आणि जागेपणी, सगळं समजून, त्या लोकांकडे बघून हसला. वर्षानुवर्षं. माझी फी भरून होईपर्यंत. ते हसणं त्याचं नव्हतं. माझ्या फीचं होतं. त्याने ते माझ्यासाठी विकलं होतं.

आणि मी? मला कुणाची फी भरायची होती? कुणाचं पोट माझ्या गप्प बसण्यावर अवलंबून होतं? मी फक्त एकटा पडायला भीत होतो.

संक्रांतीच्या सुमाराला काकूंचा फोन आला. आवाज तसाच गोड. "झालं गेलं विसर बाबा. तिळगूळ आहे आमच्याकडे. सगळे विचारतात तुझ्याबद्दल. तू काही करू नकोस, फक्त नॅपकिन्स आण."

मी म्हणालो, "काकू, मी नॅपकिन आणणार नाही. भाकरी आणि पिठलं करून आणेन. तुम्ही स्वतः पहिला घास घ्यायचा, सगळ्यांसमोर. जमत असेल तर येतो."

त्या म्हणाल्या, "तू फार कडू झालायस रे."

"जमेल का, तेवढं सांगा."

"बघते. कळवते तुला."

त्यांनी कळवलं नाही.

हिवाळा संपला, पुढचा आला. माझी मराठी आता माझ्या खोलीत राहते. दाराबाहेर गेलं की तिला कुणी नाही. कधी कधी बसच्या खिडकीतून मला रस्त्यात दोन बायका साडीवर कोट घालून जाताना दिसतात आणि मी उतरून त्यांच्यामागे नुसतं चालावं असं वाटतं. त्या काय बोलतात ते ऐकावं. मी उतरत नाही. एकटेपणा वाईट असतो. तो माणसाला घडवतो वगैरे जे सांगतात ते मी मानत नाही. तो नुसता वाईट असतो, आणि मी तो घेतला आहे.

कारण ज्याचं अडलेलं आहे त्याला नकार परवडत नाही. अण्णाला परवडला नाही. आजही कुठल्या गावात, कुठल्या फाट्यावर कितीतरी अण्णा हसत उभे असतील, आणि त्यांच्याकडून मी नकार मागणार नाही. तो माझ्यासारख्याने द्यायचा आहे. शिकलेल्याने, पोट भरलेल्याने, परदेशात बसलेल्याने. तोही गप्प बसला तर मग कोण?

तेव्हा हे लिहून ठेवतो. ज्या पंगतीला माझ्या हातचं चालत नाही त्या पंगतीला मी बसणार नाही. तिथे वाढणार नाही, तिथल्या खुर्च्या मांडणार नाही, तिथली वर्गणी देणार नाही. मला मुलं झाली तर त्यांनाही पाठवणार नाही, ती कितीही एकटी पडली तरी. आणि मुकाट्याने घरी बसणार नाही. बोलावणं आलं की प्रत्येक वेळी कारण सांगेन. तोंडावर, नाव घेऊन, मराठीत.